चित्रा : एका वजनदार ताऱ्याची स्पंदने आणि वर्णपटाची साक्ष

चित्रा हा कन्या राशीतील सर्वांत तेजस्वी तारा. त्याची दृश्य प्रत जवळजवळ १ आहे आणि रंग निळसर पांढरा. छत्रपती संभाजीनगरच्या अक्षांशावरून, म्हणजे सुमारे १९ अंश ५३ कला उत्तरेवरून पाहिले, तर मध्यमंडलावर येताना तो दक्षिण क्षितिजापासून साधारण ५९ अंश उंच असतो. चैत्री पौर्णिमेला चंद्र याच भागात येतो आणि महिन्याला चैत्र हे नाव त्यावरूनच मिळाले आहे. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवत नेली की आधी केशरी स्वाती लागतो, आणखी खाली चित्रा. तिच्या बाजूला हस्ताचा वाकडातिकडा चौकोन असतो, त्यामुळे ओळख पटायला अडचण पडत नाही.

डोळ्यांना दिसणारा हा एक ठिपका प्रत्यक्षात दोन ताऱ्यांचा आहे. थोरला सूर्याच्या ११ पटींहून थोडा अधिक वजनाचा, धाकटा सुमारे ७ पट. दोघे ४ दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. थोरल्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २५,००० अंश केल्व्हिन आहे आणि तो एकटाच सूर्याच्या वीस हजार पट प्रकाश बाहेर टाकतो. शिवाय त्याचा पृष्ठभाग दर ४ तास १० मिनिटांनी वरखाली होतो. अशा ताऱ्यांना स्पंदमान रूपविकारी तारे म्हणतात, आणि वजनदार, उष्ण, निळ्या अशा या जातीला वृषपर्वा तारकासमूहातील बीटा ताऱ्यावरून ‘बीटा सेफी’ हे नाव आहे.

रूपविकारी म्हटले की तेज कमीजास्त होणारा तारा डोळ्यांसमोर येतो. मायरा काही महिने दिसतो आणि काही महिने दिसेनासा होतो. अल्गोल तीन दिवसांच्या आत एकदा मंदावतो. हे नुसत्या डोळ्यांनी टिपता येते. चित्रेच्या तेजातला बदल मात्र प्रतीच्या काही शतांशांएवढाच आहे आणि त्यातलाही एक भाग स्पंदनाचा नाहीच. परस्परांच्या ओढीने दोन्ही तारे अंड्यासारखे लांबट झाले आहेत; फिरताना कधी त्यांची रुंद बाजू आपल्याकडे येते, कधी निमुळती, आणि त्यामुळेही तेज बदलते. चित्रेचे रूप खऱ्या अर्थाने बदलते ते तिच्या वर्णपटात.

भारतीय ज्योतिर्गणितात या ताऱ्याला मान मिळाला तो मात्र नेमका उलट्या कारणासाठी : न हलणारी खूण म्हणून. सूर्यसिद्धान्तात चित्रेच्या योगताऱ्याचा ध्रुवक १८० अंश दिलेला आहे, म्हणजे राशिचक्राच्या आरंभबिंदूच्या बरोबर समोर. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेत तो १८३ अंश येतो आणि भास्कराचार्यांनी हाच आकडा चालवला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ उभारला आणि त्या मठाला इ.स. १२०७ मध्ये दान मिळाले, असे चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून कळते; तो लेख भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. देवगिरी, म्हणजे आजचे दौलताबाद, संभाजीनगर शहरापासून जेमतेम १५ किलोमीटरवर आहे. तेव्हा या परिसरात चित्रेचे स्थान मोजण्या-शिकवण्याची परंपरा किमान आठशे वर्षांची धरायला हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात पंचांगाचा वाद पेटला, त्याच्याही मध्यभागी हाच तारा होता. लोकमान्य टिळकांचा पक्ष रेवतीचा. मीन राशीतील एक मंद तारा आरंभबिंदू मानावा असे त्याचे म्हणणे. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रापक्ष मांडला : चित्रा १८० अंशांवर ठेवा आणि तिच्या समोरचा बिंदू शून्य धरा. दोन्ही पक्षांच्या अयनांशांत, म्हणजे वसंतसंपातापासून आरंभबिंदूच्या अंतरात, सुमारे ४ अंशांचा फरक पडतो, आणि तेवढ्याने अधिकमास वेगळ्या महिन्यात जाऊ शकतो. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने चित्रापक्षाच्या बाजूने कौल दिला आणि २१ मार्च १९५६ रोजीचे अयनांश २३ अंश १५ कला असे ठरवून टाकले. या समितीचे अध्यक्ष होते मेघनाद साहा.

साहांचे नाव इथे योगायोगाने आलेले असले तरी चित्रेच्या अभ्यासात ते याहून खोलवर रुजलेले आहे. १९२० मध्ये त्यांनी दिलेल्या आयनीभवनाच्या समीकरणामुळेच ताऱ्याचा वर्णपट वाचणे म्हणजे काय, हे पहिल्यांदा नीट कळले. तोपर्यंत वर्णपटांचे वर्ग पाडले गेले होते, पण कुठल्या ताऱ्यात हायड्रोजनच्या रेषा ठळक का आणि कुठल्यात कॅल्शियमच्या का, याला पक्के उत्तर नव्हते. एखाद्या ताऱ्यात एखादे मूलद्रव्य जास्त आहे म्हणून त्याची रेषा ठळक असेल असे वाटे. साहांनी दाखवले की फरक मुख्यतः तापमानाचा आहे. तापमान आणि दाब यांवर अणूंनी किती इलेक्ट्रॉन गमावले ते ठरते, आणि रेषा कुठे उमटणार हे त्या उरलेल्या इलेक्ट्रॉनांवर. चित्रेच्या २५,००० अंशांत सिलिकॉनच्या पुष्कळशा अणूंनी दोन-दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. त्यांच्या तीन रेषा वर्णपटाच्या निळ्या भागात ४५५ ते ४५७ नॅनोमीटरच्या आसपास शेजारीशेजारी उमटतात. बीटा सेफी ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी हे त्रिकूट म्हणजे घरचे माप झाले आहे. हेलियमच्या रेषा याहून ठळक असतात, पण दाबामुळे त्या रुंदावतात. हायड्रोजनच्या तर फारच पसरट. सिलिकॉनच्या रेषा मध्यम खोलीच्या, सुटसुटीत आणि तापमानातल्या चढउताराला फारशी दाद न देणाऱ्या, म्हणून वेग मोजायला त्याच बऱ्या.

हेलियमचा उल्लेख आला की कोकणातल्या विजयदुर्गाची आठवण निघतेच. किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉक्यरने हेलियम शोधला, ही कथा महाराष्ट्रात आवडीने सांगितली जाते. १८६८ मध्ये लॉक्यर भारतात आलाच नव्हता. त्या वर्षीची त्याची निरीक्षणे इंग्लंडमधली आहेत. विजयदुर्गावर तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि ओटे त्या मोहिमेशी जोडणे जास्त सयुक्तिक ठरेल. याच ग्रहणाच्या पट्ट्यात सोलापूरकडच्या जेऊर इथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपला वर्णपटदर्शक लावून बसले होते. त्यांच्याच परिसरात अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांचा तळ होता. ताऱ्यांचे वेग वर्णपटावरून अचूक मोजण्याची पद्धत बसवणाऱ्यांत कॅम्पबेल अग्रभागी. नायगमवालांकडे पुण्यात २० इंची परावर्तक दुर्बीण होती, त्या काळी भारतातली सर्वांत मोठी. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. महाराष्ट्रात तारकीय वर्णपटाचे काम तिथे तुटले ते पुढे कितीतरी दशके जुळले नाही.

वेग मोजण्याचे तत्त्व साधे आहे. तारा आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्या टोकाकडे सरकते, दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. वेगाला प्रकाशाच्या वेगाने भागले की जो अपूर्णांक येतो, तेवढ्या प्रमाणात तरंगलांबी बदलते. सेकंदाला १० किलोमीटर वेग असेल तर ४५५ नॅनोमीटरवरची सिलिकॉनची रेषा ०.०१५ नॅनोमीटर सरकेल. काचपट्टीवरच्या छायाचित्रात हे सरकणे केसाच्या जाडीचाही लहानसा भाग असे. ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, तेही लोहाच्या ठिणगीचा वर्णपट शेजारी छापून, त्याच्याशी ताडून. हा वेग दृष्टिरेषेवरचा असतो, त्याला अरीय वेग म्हणतात. तारा आडवा कसा सरकतो ते त्यातून कळत नाही.

हेर्मान फोगेल यांनी जर्मनीतील पॉट्सडॅम इथे १८९० मध्ये चित्रेच्या रेषा सरकताना पाहिल्या आणि ती जोडतारा असल्याचे जाहीर केले. दुर्बिणीतून दोन ठिपके कधीच वेगळे दिसले नव्हते. जोडीचा पुरावा फक्त वर्णपटात होता. आज कक्षेचे आकडे चांगले माहीत आहेत. थोरल्याचा वेग सरासरीपासून सेकंदाला सुमारे १२० किलोमीटर इकडेतिकडे होतो, धाकट्याचा सुमारे १९०. हलका जोडीदार जास्त पळतो, आणि वेगांचे हे गुणोत्तर उलटे करून मांडले की वस्तुमानांचे गुणोत्तर मिळते : १२० भागिले १९० म्हणजे ०.६३, आणि ७.२ भागिले ११.४ म्हणजेही ०.६३. दोघांमधले अंतर सुमारे २ कोटी किलोमीटर, बुध-सूर्य अंतराच्या एक-तृतीयांशाएवढे. पंचांगकर्त्यांना या कोलांट्यांची धास्ती बाळगायचे कारण नाही; अडीचशे प्रकाशवर्षांवरून हा सगळा फेरा विकलेच्या हजाराव्या भागाएवढाच दिसतो.

वजनदार तारे स्पंदन पावतात हे कळले ते चित्रेवरून नव्हे. अमेरिकेच्या यर्किस वेधशाळेत एडविन फ्रॉस्ट यांना १९०२ मध्ये वृषपर्व्यातील बीटाचा अरीय वेग बदलताना आढळला. जोडतारा असेल असे समजून त्यांनी १९०६ मध्ये आवर्तकाळ काढला, तो निघाला साडेचार तासांहून जरा जास्त. इतक्या थोड्या वेळात फेरी मारायची तर दुसरा तारा पहिल्याच्या पोटातूनच फिरायला हवा. जोडताऱ्याचा खुलासा इथे अडला, पण दुसरा सुचायलाही वेळ लागला. पुढे बृहल्लुब्धकातील बीटा ताऱ्यात जवळजवळ सारख्या लांबीचे दोन आवर्तकाळ एकमेकांत मिसळलेले सापडले, आणि सतारीच्या दोन किंचित बेसूर तारांसारखा त्यांचा ठोका सुमारे ४९ दिवसांनी जमतो हे दिसले. साधा फुगा फुगतो-आकसतो तसे स्पंदन असेल तर एवढ्या जवळजवळचे दोन काळ का यावेत? १९५१ मध्ये बेल्जियमच्या पॉल लदू यांनी उत्तर सुचवले : हे तारे फुग्यासारखे नव्हे, तर डिंकाच्या मऊ लाडवासारखे हलतात. एक भाग वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो. अशा अनरीय स्पंदनात ताऱ्याच्या परिवलनामुळे एकाच प्रकाराचे अनेक काळ फुटून वेगळे होतात. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि नॉर्मन लेबोविट्झ यांनी १९६२ मध्ये याच कोड्याला वेगळ्या बाजूने हात घातला होता.

या जातीतला सर्वांत दांडगा सदस्य बी. डब्ल्यू. व्हल्पेक्युली. त्याचा पृष्ठभाग पावणेपाच तासांच्या चक्रात सेकंदाला सुमारे २०० किलोमीटरच्या पल्ल्यात वेग बदलतो. वर चढणारा वायू आणि खाली कोसळणारा वायू यांची टक्कर होऊन धक्कातरंग उठतो आणि काही मिनिटे रेषा चक्क दुहेरी दिसते, एक चढणाऱ्या थराची आणि एक पडणाऱ्याची. वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या रेषा वातावरणात वेगवेगळ्या खोलीवर तयार होतात. त्यांचे वेग थोड्या अंतराने मागेपुढे बदलतात, आणि त्यावरून लाट खालून वर कशी सरकते ते मोजता येते. चित्रेकडे एवढा धसमुसळेपणा नाही.

चित्रेची स्पंदने ऑस्ट्रेलियात सापडली. न्यू साउथ वेल्समधील नॅराब्राय इथे रॉबर्ट हॅनबरी ब्राउन यांनी ताऱ्यांचे व्यास मोजण्यासाठी दोन मोठ्या आरशांचा व्यतिकरणमापक उभारला होता. (हॅनबरी ब्राउन यांचा जन्म १९१६ मध्ये निलगिरीतल्या अरुवनकाडूचा.) चित्रेचा व्यास आणि अंतर काढण्यासाठी तिच्या तेजाची बारीक नोंद हवी होती. ती घेताना रॉबर्ट शॉब्रूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६९ मध्ये कक्षेच्या चार दिवसांशी न जुळणारी एक छोटी लहर दिसली, आवर्तकाळ ०.१७३८ दिवस. अरीय वेगांतही तोच काळ निघाला. कक्षेच्या १२० किलोमीटरच्या मोठ्या हेलकाव्यातून ती लहर वेगळी काढणे म्हणजे होडी वल्हवणाऱ्याची नाडी काठावरून मोजण्यासारखे होते.

एवढ्याशा लहरीतही हालचाल केवढी असते ते एका हिशोबावरून दिसेल. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला १० किलोमीटरपर्यंत जातो असे धरले, तर ४ तास १० मिनिटांच्या चक्रात तो मध्यापासून सुमारे २४,००० किलोमीटर वर आणि तेवढाच खाली जाईल. म्हणजे पृथ्वीच्या व्यासाची जवळजवळ दुप्पट. ताऱ्याची त्रिज्या मात्र ५२ लाख किलोमीटर. तिच्या मानाने हा बदल अर्ध्या टक्क्याचाही नाही.

मग एक विचित्र प्रकार घडला. सत्तरच्या दशकात ही लहर वर्षागणिक मंदावत गेली आणि काही वर्षांत जवळजवळ दिसेनाशी झाली. ताऱ्याने स्पंदन थांबवले, की आपल्याला दिसणे थांबले? स्पंदन फुग्यासारखे असेल तर ते कुठल्याही बाजूने सारखेच दिसेल, म्हणून दुसरा पर्याय बादच. ते अनरीय असेल तर मात्र कोन महत्त्वाचा ठरतो. दक्षिण आफ्रिकेचे लुइस बलोना यांनी असा खुलासा दिला की जोडीदाराच्या ओढीमुळे थोरल्या ताऱ्याचा परिवलन अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, आणि डोलता डोलता तो अशा कोनात आला की वर येणारे आणि खाली जाणारे भाग आपल्या दृष्टीने एकमेकांना खोडून काढू लागले. पृथ्वीचा अक्षही असाच डोलतो. संपातचलन म्हणतात ते हेच, आणि ते ओळखताना इ.स.पू. दुसऱ्या शतकात हिपार्कसने ज्या ताऱ्यांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडल्या त्यांत चित्राही होती.

खरी समृद्ध माहिती रेषेच्या जागेत नसून तिच्या आकारात असते. रेषा म्हणजे बारीक उभी चीर नव्हे. पुरेशा ताकदीच्या वर्णपटमापकात ती दरीसारखी दिसते, काठ आणि तळ असलेली. चित्रेचा थोरला तारा स्वतःभोवती वेगाने फिरतो. त्याच्या विषुववृत्तावरचा वायू दृष्टिरेषेच्या दिशेने सेकंदाला सुमारे १६५ किलोमीटर धावतो. तबकडीची एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. म्हणून येणाऱ्या कडेचा प्रकाश दरीच्या निळ्या काठाला पडतो, जाणाऱ्या कडेचा तांबड्या काठाला, आणि मधल्या पट्ट्यांचा मध्ये. एरवी दुर्बिणीत नुसता ठिपका असलेल्या ताऱ्याची तबकडी अशी पट्ट्यापट्ट्यांनी वर्णपटात आडवी पसरलेली असते. वेगाने फिरण्यामुळे रेषा फिकट आणि रुंद होते, वेग मोजायला गैरसोयीची होते, पण त्याच फिरण्यामुळे हा नकाशाही मिळतो.

आता पृष्ठभागावर लाटा असतील तर काही पट्ट्यांतला वायू त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जरा पुढे असेल, काहींतला मागे. मग दरीच्या तळाला बारीक उंचवटे आणि खाचा पडतात, आणि तारा फिरेल तसे ते उंचवटे निळ्या काठाकडून तांबड्या काठाकडे सरकत जातात. दर काही मिनिटांनी घेतलेले वर्णपट एकाखाली एक मांडले की तिरप्या रेघांची वीण दिसते. एका वेळी किती उंचवटे दिसतात त्यावरून ताऱ्याभोवती किती लाटा आहेत ते कळते, आणि ते किती वेगाने सरकतात त्यावरून लाट परिवलनाच्या दिशेने धावते की उलट. चित्रेत असे सरकते उंचवटे १९८० च्या सुमारास स्पष्ट झाले आणि मायरन स्मिथ यांनी १९८५ मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास केला.

हे उंचवटे स्पंदनाचेच आहेत का, हा वाद पुढे रंगला आणि तो रास्तही होता. मेक्सिकोच्या ग्लोरिया कोनिग्सबर्गर आणि सहकाऱ्यांनी गणिती नमुना करून दाखवले की धाकट्या ताऱ्याच्या ओढीने थोरल्याच्या पृष्ठभागावर भरतीचे प्रवाह उठतात, आणि नुसत्या त्या प्रवाहांनीही रेषेच्या तळाला तशाच खाचा पडू शकतात. कक्षा किंचित लांबट असल्याने आणि परिवलन कक्षेच्या चालीशी जुळलेले नसल्याने ही भरती कधी स्थिर राहत नाही. पुढे आंद्रेई ट्काचेंको यांच्या गटाने ‘मोस्ट’ या कॅनडाच्या छोट्या उपग्रहाने २००७ मध्ये घेतलेल्या तेजाच्या सलग नोंदी आणि चिलीतल्या ला सिया इथले वर्णपट एकत्र तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. थोरला बीटा सेफी जातीचाच ठरला, आणि भरतीने चेतवलेले बदलही वेगळे दिसले. वस्तुमानांचे वर दिलेले आकडे याच अभ्यासातले. जोडीचे वय त्यांनी सुमारे सव्वा कोटी वर्षे काढले. सूर्याच्या साडेचारशे कोटींपुढे हे वय म्हणजे बारसेही न झालेले मूल.

तारा का हलतो, याचे उत्तर मिळायला विसावे शतक जवळजवळ संपावे लागले. गोळा एकदा ढकलला तर घर्षणाने थोड्या काळात शांत होईल. दर चक्रात त्याला नेमक्या वेळी नेमका धक्का देणारे यंत्र हवे. आर्थर एडिंग्टन यांनी झडपेची कल्पना मांडली होती : ताऱ्याचा एखादा थर दाबला गेल्यावर जास्त अपारदर्शक झाला, तर खालून येणारी उष्णता अडते, दाब वाढतो, थर वर ढकलला जातो, वर गेल्यावर तो पारदर्शक होतो, उष्णता निसटते आणि तो पुन्हा खाली बसतो. कुकरच्या शिट्टीसारखे हे चालू राहते. सेफीड ताऱ्यांत ही झडप हेलियमची असते, सुमारे ४०,००० अंशांच्या थरात. बीटा सेफी तारे मात्र इतके उष्ण की त्यांत तो थर पृष्ठभागाला अगदी चिकटून असतो, तिथे वायू इतका विरळ की झडपेत जोरच नाही. तीस-चाळीस वर्षे एकामागून एक खुलासे आले आणि पडले.

१९८२ मध्ये नॉर्मन सायमन यांनी सरळ सांगितले की तारे चुकत नाहीत, अपारदर्शकतेची कोष्टके चुकत आहेत. जड मूलद्रव्यांची अपारदर्शकता पुन्हा मोजा. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेत फॉरेस्ट रॉजर्स आणि कार्लोस इग्लेसियास यांनी ती मोजली तेव्हा सुमारे २ लाख अंशांच्या आसपास लोहाच्या अगणित रेषांचा एक मोठा उंचवटा निघाला. जुन्या हिशोबात तो हरवला होता, कारण लोहाच्या इलेक्ट्रॉनांच्या गुंतागुंतीच्या रेषांची मोजदाद अर्धवट होती. १९९२ मध्ये पावेल मॉस्कालिक आणि वोइचेख झेंबोव्स्की यांच्यासह अनेकांनी नवी कोष्टके वापरून दाखवले की बीटा सेफी तारे त्याने स्पंदू लागतातच. तारा लोहाने हलतो, आणि लोह त्यात वजनाने हजारात एखाद-दुसऱ्या भागाएवढेच असते. याची पडताळणीही मिळाली : जड मूलद्रव्ये कमी असलेल्या मॅजेलनच्या मेघांत असे तारे आकाशगंगेच्या मानाने विरळ आढळतात.

आवर्तकाळावरून ताऱ्याच्या पोटात डोकावता येते. जितकी सरासरी घनता कमी तितका काळ लांब, हा ढोबळ नियम ऑगस्ट रिटर यांनी १८७९ मध्येच मांडला होता. चित्रेच्या थोरल्याची घनता पाण्याच्या पंचविसाव्या भागाइतकी, त्याला शोभेसाच काळ चार तासांचा. अनेक स्पंदने एकाच वेळी सापडली तर काम आणखी बारीक होते, कारण प्रत्येक प्रकार वेगळ्या खोलीपर्यंत जातो. कॉनी आर्ट्स यांच्या गटाने २००३ मध्ये एच. डी. १२९९२९ या ताऱ्याच्या २१ वर्षांच्या नोंदींवरून दाखवले की त्याचा गाभा पृष्ठभागाच्या सुमारे चौपट वेगाने फिरतो. गाभ्यातला उकळता वायू आपली हद्द ओलांडून किती वर जातो, तेही त्यातून मोजले गेले. या ओलांडण्यावर ताऱ्याला किती इंधन मिळणार, म्हणजे तो किती जगणार, हे ठरते. सूर्याच्या बाबतीत हेच शास्त्र अधिक पुढे गेलेले आहे, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे यांचे त्यातले काम सर्वपरिचित आहे.

अशा निरीक्षणाची मोठी अडचण पृथ्वी फिरते ही आहे. चार तासांचा काळ एका रात्रीत दीड-दोनदा दिसतो, मग सकाळ होते. दुसऱ्या रात्री लहर पुन्हा सापडली तरी मध्ये किती चक्रे गेली, पाच की सहा, ते पक्के सांगता येत नाही. म्हणून जगभर वेगवेगळ्या रेखांशांवर वेधशाळांची साखळी लागते, आणि त्या साखळीत भारताची कडी महत्त्वाची, कारण ऑस्ट्रेलिया आणि युरोप-आफ्रिका यांच्यामधला मोठा पट्टा ती भरून काढते. प्रत्येक वर्णपटासाठी कॅमेरा उघडा ठेवण्याचा वेळही तोलून ठरवावा लागतो. पाच मिनिटांत चक्राचा पन्नासावा भाग उलटतो, तेवढे चालते. अर्धा तास उघडा ठेवला तर लाट पुसट होऊन जाते. चित्रा तेजस्वी असल्याने छोट्या दुर्बिणीलाही ती पुरते.

मराठवाड्याच्या दृष्टीने जवळची वेधशाळा बरीच वर्षे हैदराबादची होती. निजामिया वेधशाळा १९०१ मध्ये सुरू झाली, पुढे उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत औरंगाबादची, म्हणजे आजच्या संभाजीनगरची, महाविद्यालयेही त्याच विद्यापीठाशी संलग्न होती. बर्कलीहून पीएच.डी. घेऊन आलेले कृष्णा दामोदर अभ्यंकर यांनी तिथे जोडतारे आणि तारकीय वर्णपट यांचा अभ्यास रुजवला. १९६८ मध्ये जपाल-रंगापूर इथे ४८ इंची दुर्बीण उभी राहिली. तमिळनाडूतील कावलूरची २.३४ मीटरची दुर्बीण १९८६ मधली, आणि पुण्याच्या आयुकाची जुन्नरजवळ गिरवली इथली २ मीटरची २००६ मधली.

सूर्याच्या आठ पटींहून वजनदार ताऱ्याचा शेवट स्फोटाने होतो असे मानले जाते. चित्रेचा थोरला त्या रेषेच्या वर आहे, धाकटा तिच्या जवळपास. पण वेगवेगळे असते तर त्यांचे जे झाले असते, ते जोडीत तसेच होईल असे नाही. काही दशलक्ष वर्षांनी थोरल्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपेल, तो फुगेल, आणि २ कोटी किलोमीटरच्या अंतरात फुगायला जागाच नाही. त्याचे बाहेरचे थर धाकट्यावर ओतले जातील आणि मग वजनांची अदलाबदल होईल. अशा जोड्यांतून उरणारे न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे शेवटी एकमेकांवर आदळतात तेव्हा उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा मंजूर झाली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना संमती दिली. मराठवाड्यातले पहिले मोठे खगोलयंत्र वर्णपटाचे नसून कंपनांचे असेल.

चित्रेच्या कक्षेचा लांबट अक्षही आपल्या जागी स्थिर नाही. दोन्ही गोळे अंडाकृती झाल्यामुळे तो हळूहळू वळतो आणि सुमारे सव्वाशे वर्षांत एक पूर्ण फेरा घेतो. अक्ष जसा वळतो तसा वेगांच्या आलेखाचा आकार बदलतो, भरती वेगळ्या कोनातून दिसते, आणि ताऱ्यांच्या पोटात वस्तुमान मध्याकडे किती एकवटले आहे ते या वळण्याच्या गतीवरून निघते. फोगेलच्या १८९० च्या काचपट्ट्यांपासून मोजले तर चित्रेच्या वर्णपटांची मालिका आत्ता कुठे एका फेऱ्याएवढी लांब झाली आहे.